हॅश कोष्टक व किल्ल्यांची तुल्यता

संगणकाच्या स्मृतीत साठविलेली नोंद तिच्या नावावरून जवळजवळ थेट गाठता यावी यासाठी, नोंदीची जागा त्या नावावरच गणिती क्रिया करून ठरविणारी मांडणी म्हणजे हॅश कोष्टक होय. ज्या नावाने नोंद शोधावयाची त्यास ‘किल्ली’, त्या नावाशी निगडित माहितीस ‘मूल्य’, किल्लीवरून संख्या काढणाऱ्या रीतीस ‘हॅश फलन’ आणि त्या संख्येवरून नेमून दिलेल्या जागेस ‘खण’ असे म्हणतात. हॅश या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ मांस, भाज्या इ. बारीक चिरून केलेले मिश्रण असा आहे. किल्लीतील अक्षरांचे अंक एकमेकांत मिसळण्याच्या क्रियेवरून तो येथे आला व रॉबर्ट मॉरिस यांच्या १९६८ मधील लेखानंतर रूढ झाला.

शब्दकोशातील शब्द अकारविल्हे लावलेले असतात. त्यामुळे कोश मध्यावर उघडून, हवा तो शब्द पुढे आहे की मागे हे पाहत, शोधाचे क्षेत्र दर वेळी निम्म्यावर आणता येते. दहा लाख शब्दांतून एक शब्द काढण्यास अशा रीतीने सु. २० तुलना पुरतात. हॅश कोष्टकात क्रम मुळीच पाळलेला नसतो. किल्लीवरून खणाचा क्रमांक काढावयाचा आणि सरळ त्या खणाशी जावयाचे, एवढीच त्याची रीत असल्यामुळे नोंदी हजार असोत वा दहा लाख, कोष्टक फार भरलेले नसल्यास सरासरीने एकदोन तुलनांत काम होते. याचा मोबदला म्हणून नोंदी क्रमाने वाचण्याची सोय गमवावी लागते.

शोधाची क्रिया दोन पायऱ्यांची असते, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. हॅश फलन फक्त कोठे पाहावयाचे ते सांगते. तेथे सापडलेली नोंद हवी तीच आहे किंवा नाही, हे खणातील किल्ली आणि हाती असलेली किल्ली यांच्या तुलनेवरून ठरते. या तुलनेत ‘तीच’ याचा अर्थ काय, हा प्रश्न वरकरणी पोरकट वाटतो. परंतु हॅश कोष्टके वापरताना उद्भवणारे अनेक दुर्बोध दोष याच प्रश्नाकडे दुर्लक्ष केल्याने निर्माण होतात. बहुतेक आधुनिक संगणकीय भाषांत त्याचे उत्तर देण्याचा अधिकार आज्ञावली लिहिणाऱ्याकडे असतो. त्या अधिकाराबरोबर येणारी बंधने हा प्रस्तुत नोंदीचा मुख्य विषय आहे.

इतिहास : अमेरिकेतील आयबीएम कंपनीतील हान्स पीटर लून यांनी जानेवारी १९५३ मध्ये एका अंतर्गत टिपणात ही कल्पना मांडली. एकाच खणात येणाऱ्या नोंदी साखळीने एकमेकींस जोडून ठेवण्याची सूचनाही त्यात होती. पुढच्या वर्षाच्या सुमारास त्याच कंपनीतील जीन ॲम्डाल, आर्थर सॅम्युएल प्रभृतींनी ‘आयबीएम ७०१’ या संगणकासाठी दुसरी रीत वापरली : नेमलेला खण भरलेला आढळल्यास त्यालगतचे खण ओळीने पाहत जावयाचे व पहिला रिकामा खण घ्यावयाचा. साधारण त्याच काळात रशियात आंद्रेई येर्शोव्ह यांनाही हीच रीत स्वतंत्रपणे सुचली. अर्नल्ड ड्यूमी यांनी १९५६ मध्ये या विषयावर लेख प्रसिद्ध केला आणि किल्लीच्या संख्येस अविभाज्य संख्येने भागून उरणारी बाकी खणाचा क्रमांक म्हणून घ्यावी, असे सुचविले. वेस्ली पीटरसन यांचा विस्तृत लेख १९५७ चा आहे. डॉनल्ड कनूथ यांनी १९६२ मध्ये लगतच्या खणांच्या रीतीचे गणित मांडले. त्यानुसार कोष्टक निम्मे भरले असता, नसलेली नोंद ‘नाही’ असे ठरविण्यास सरासरीने २·५ खण पाहावे लागतात. ते नव्वद टक्के भरल्यास ही संख्या ५०·५ पर्यंत जाते. म्हणून कोष्टक विशिष्ट प्रमाणाबाहेर भरू लागताच मोठे कोष्टक घेऊन सर्व नोंदी त्यात नव्याने मांडतात. जावा भाषेतील प्रचलित हॅश कोष्टकात हे प्रमाण, वेगळे सांगितले नसल्यास, ०·७५ असते.

या आरंभीच्या काळात किल्ली म्हणजे बहुधा आज्ञावलीत आलेले एखादे छोटे नाव असे. दोन किल्ल्या सारख्या म्हणजे त्यांचे द्विमान अंक सारखे, इतका अर्थ तेव्हा पुरत असे. व्यक्ती, तारखा, पत्ते, अनेक लिप्यांतील मजकूर अशा संमिश्र वस्तू किल्ल्या म्हणून वापरात आल्यानंतर तो अपुरा पडू लागला.

टकरी : दोन निरनिराळ्या किल्ल्यांसाठी हॅश फलनाने एकच संख्या देणे यास टक्कर म्हणतात. शक्य किल्ल्यांची संख्या खणांच्या संख्येपेक्षा प्रचंड असल्यामुळे टकरी टाळता येत नाहीत. त्या अपेक्षेपेक्षा लवकर होतात, हे संभाव्यताशास्त्रातील प्रसिद्ध उदाहरणावरून दिसते : २३ व्यक्तींच्या मेळाव्यात दोघांचा जन्मदिवस एकच असण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते.

जावा भाषेतील शब्दांचे हॅश फलन मराठी शब्दांवर चालवून पाहणे उद्‌बोधक आहे. आरंभी बेरीज शून्य धरावयाची, शब्दातील प्रत्येक चिन्हाच्या वेळी आधीच्या बेरजेस ३१ ने गुणावयाचे व त्या चिन्हाचा युनिकोड संकेतांक त्यात मिळवावयाचा, अशी ही रीत आहे. दशमान पद्धतीने लिहिल्यास ‘क’ चा संकेतांक २३२५, ‘ख’ चा २३२६, ‘ट’ चा २३३५ व काना या चिन्हाचा २३६६ आहे. त्यावरून ‘का’ साठी २३२५ × ३१ + २३६६ = ७४,४४१ आणि ‘खट’ साठी २३२६ × ३१ + २३३५ = ७४,४४१ ही एकच संख्या मिळते. साहजिकच ‘काका’, ‘खटका’ व ‘खटखट’ या तिन्ही शब्दांची हॅश संख्या ७,१६,१२,२४२ एवढीच येते. ‘काला’ आणि ‘खटला’ यांचीही अशीच टक्कर होते. हजार खणांच्या कोष्टकात शेवटचे तीन अंक घेऊन खण ठरविल्यास काका, खटका व खटखट हे तिघेही २४२ व्या खणात जातील. तथापि यामुळे उत्तर चुकत नाही. ‘काका’ शोधणाऱ्यास त्या खणात आधी ‘खटका’ भेटला, तरी तुलनेत तो वेगळा ठरतो आणि शोध पुढे चालू राहतो. टकरीने फक्त वेळ जातो.

हा वेळ किती जावा, यास मात्र सीमा नाही. ‘का’ आणि ‘खट’ हे दोन तुकडे एकापुढे एक कोणत्याही क्रमाने ठेवून वीस तुकड्यांचे १०,४८,५७६ शब्द तयार होतात व त्या सर्वांची हॅश संख्या एकच असते. ते सर्व साध्या साखळीच्या कोष्टकात घातल्यास पाचशे अब्जांहून अधिक तुलना कराव्या लागतील. स्कॉट क्रॉस्बी व डॅन वॉलक यांनी २००३ मध्ये दाखवून दिले की, अशा मुद्दाम निवडलेल्या किल्ल्या पाठवून एखादी संगणक-सेवा बंद पाडता येते. डिसेंबर २०११ मध्ये बर्लिन येथील एका परिषदेत आलेक्झांडर क्लिंक व युलियान व्हेल्डे यांनी पीएचपी, जावा, पायथन इ. अनेक भाषांवर ही युक्ती लागू पडत असल्याचे सप्रयोग सांगितल्यावर या प्रश्नाकडे गांभीर्याने पाहण्यात येऊ लागले. झां-फिलिप ओमासाँ व डॅनिएल बर्नस्टाइन यांनी २०१२ मध्ये सिपहॅश नावाचे फलन मांडले. त्यात दर वेळी निराळी घेतलेली एक गुप्त संख्या मिसळलेली असल्याने कोणत्या किल्ल्यांची टक्कर होईल, हे बाहेरच्यास आधी ठरविता येत नाही. पायथन भाषेने हे फलन २०१४ मध्ये स्वीकारले. जावामध्ये शब्दाच्या हॅश संख्येचे सूत्र भाषेच्या अधिकृत वर्णनातच दिलेले असल्यामुळे ते बदलणे अडचणीचे होते. तेथे २०१४ पासून एखाद्या खणातील साखळी लांबली, की तिचे संतुलित वृक्षरूप मांडणीत रूपांतर करण्यात येते.

तुल्यतेची बंधने : कोणत्या दोन किल्ल्या एकच मानावयाच्या हे आज्ञावली लिहिणाऱ्याने ठरवावयाचे असले, तरी त्याचा निर्णय गणितात ज्यास तुल्यता-संबंध म्हणतात त्या स्वरूपाचा असावा लागतो. प्रत्येक किल्ली स्वतःशी तुल्य असली पाहिजे. पहिली दुसरीशी तुल्य असेल, तर दुसरी पहिलीशी तुल्य असली पाहिजे. आणि पहिली दुसरीशी व दुसरी तिसरीशी तुल्य असल्यास पहिली तिसरीशी तुल्य असलीच पाहिजे. या तिहींच्या जोडीला हॅश कोष्टकाचे स्वतःचे एक बंधन येते : तुल्य किल्ल्यांची हॅश संख्या एकच असली पाहिजे. उलट दिशेने मात्र बंधन नाही. हॅश संख्या एक असलेल्या किल्ल्या तुल्य असण्याची गरज नसते, हे वरील काका-खटका उदाहरणावरून स्पष्ट आहे.

हे चौथे बंधन मोडल्यास काय होते ते पाहण्यासारखे आहे. समजा, रोमन लिपीतील लहान व मोठ्या लिपीची अक्षरे एकच मानणारी तुलना लिहिली, परंतु हॅश फलन पूर्वीचेच, म्हणजे दोहोंत भेद करणारे राहू दिले. आता मोठ्या अक्षरांत साठविलेले नाव लहान अक्षरांत शोधले, तर शोध दुसऱ्याच खणाकडे जाईल. तेथे ते नाव नाही, म्हणून ‘नोंद नाही’ असे उत्तर मिळेल. ज्या तुलनेने दोन्ही नावे एकच ठरली असती ती तुलना होणारच नाही. दोष दाखविणारी कोणतीही सूचना येत नाही. साध्या रचनेच्या छोट्या कोष्टकात दोन्ही रूपे योगायोगाने एकाच खणात पडल्यास नोंद सापडतेही आणि पुढे कोष्टक मोठे केल्यावर तीच नोंद सापडेनाशी होते. चाचणीच्या वेळी बिनचूक चाललेली आज्ञावली प्रत्यक्ष वापरात चुकते, त्याचे एक कारण हे असते.

पहिल्या तीन बंधनांचा भंगही काल्पनिक नाही. दशांश अपूर्णांकांच्या गणनासाठी १९८५ पासून रूढ असलेल्या प्रमाणानुसार शून्याला शून्याने भागणे यासारख्या निरर्थक क्रियेचे उत्तर ‘नॅन’ नावाच्या विशेष मूल्याने दर्शवितात आणि नॅन हे स्वतःशीच समान नसते. गो या भाषेत नॅन ही किल्ली दहा वेळा घातल्यास दहा नोंदी तयार होतात व त्यांपैकी एकही तिच्या किल्लीने परत मिळविता किंवा काढून टाकता येत नाही. संपूर्ण कोष्टक रिकामे करणारी आज्ञा त्या भाषेत २०२३ मध्ये आली, तेव्हा अशा नोंदी पुसण्याचा मार्ग मिळाला. जावा भाषेत तारीख दर्शविणाऱ्या एका जुन्या प्रकारावरून क्षणाची अधिक सूक्ष्म नोंद ठेवणारा दुसरा प्रकार बनविला आहे. त्यांपैकी पहिल्यास विचारले असता तो दुसऱ्यास आपल्यासारखा मानू शकतो, पण दुसरा पहिल्यास कधीच मानीत नाही. भाषेच्या वर्णनात ही विषमता स्पष्टपणे नमूद केलेली आहे.

भाषांमधील सोयी : कॉमन लिस्प या भाषेच्या १९९४ च्या अमेरिकन प्रमाणात हॅश कोष्टक बनविताना चार तुलनांपैकी एक निवडता येते. ‘ईक्यू’ ही सर्वांत कठोर असून स्मृतीतील एकच वस्तू असेल तरच ती दोन किल्ल्या समान मानते. काही न सांगितल्यास लागू होणारी ‘ईक्यूएल’ ही त्याशिवाय एकाच प्रकारच्या व एकाच मूल्याच्या संख्या समान धरते. ‘ईक्वल’ ही शब्द व याद्या घटकशः तपासते, तर सर्वांत उदार अशी ‘ईक्वलपी’ लहान-मोठ्या अक्षरांचा तसेच पूर्णांक १ व दशांश १·० यांमधील भेदही सोडून देते. ईक्यूची तुलना सर्वांत जलद असली, तरी तिची अडचण वेगळीच आहे. तिचे हॅश फलन पुष्कळदा वस्तूच्या स्मृतीतील पत्त्यावरून काढतात. निरुपयोगी स्मृती मोकळी करताना वस्तू हलविल्या गेल्यास पत्ते बदलतात व कोष्टकाची पुन्हा मांडणी करावी लागते.

या चारांपलीकडची तुलना प्रमाणात नाही. एसबीसीएलसारख्या काही अनुवादकांनी ती स्वतःची भर म्हणून दिली असून तेथे नवीन तुलनेबरोबर तिला साजेसे हॅश फलनही द्यावे लागते. स्कीम या भगिनीभाषेसाठी २००५ मध्ये संमत झालेल्या एका प्रस्तावातही ही दोन्ही एकत्र देण्याची सोय आहे. २०११ च्या प्रमाणापासून सी++ भाषेत तुलना व हॅश फलन कोष्टकाच्या घोषणेतच लिहिता येतात. सी शार्प व तिच्या भगिनीभाषांत दोन्ही क्रिया असलेला एक स्वतंत्र ‘तुलनाकार’ कोष्टकास देता येतो.

जावा व पायथन यांनी निराळा मार्ग घेतला. तेथे तुलना व हॅश संख्या या दोन्ही क्रिया किल्लीच्या प्रकारातच लिहावयाच्या असतात, म्हणजे आपण कोणाशी तुल्य आहोत हे किल्लीच सांगते. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीत एखाद्या प्रकारासाठी तुलना लिहिली व हॅश फलन लिहिले नाही, तर त्या प्रकारच्या वस्तू किल्ली म्हणून नाकारल्या जातात. जावामध्ये अशी अडवणूक नाही. एक लिहून दुसरे विसरणे हा तेथील नेहमीचा प्रमाद आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते तुलनाकार वेगळा देण्याची पद्धत अधिक स्वच्छ आहे. तुल्यता हा वस्तूचा उपजत गुण नसून वापरणाऱ्याच्या हेतूवर अवलंबून असणारा निर्णय आहे. एकाच नावांची यादी ग्रंथालयाच्या तालिकेसाठी एका रीतीने, तर शुद्धलेखन तपासण्यासाठी दुसऱ्या रीतीने पाहावी लागते. किल्लीनेच आपली तुल्यता सांगावयाची असेल, तर यांपैकी एका हेतूस गैरसोय सोसावी लागते.

किल्लीवर निर्णय सोपविल्याने काय होऊ शकते, याचे जावामधील संकेतस्थळाचा पत्ता दर्शविणारा ‘यूआरएल’ हा प्रकार उत्तम उदाहरण आहे. दोन पत्त्यांतील यजमान-संगणकांची नावे भिन्न असली, तरी जाळ्यावर चौकशी केल्यावर ती एकाच यंत्राची निघाल्यास त्यांना समान मानावे, अशी त्याची तुलना आहे. याचा परिणाम असा की, जाळे उपलब्ध असताना समान असणाऱ्या किल्ल्या जाळे तुटल्यावर भिन्न ठरू शकतात व नुसत्या तुलनेसाठी आज्ञावली खोळंबून राहते. जाळ्याशी संबंध न येऊ देणारा दुसरा प्रकार पुढे उपलब्ध करून देण्यात आला, हे ठीकच झाले.

येथून आणखी एक अट निघते. नोंद कोष्टकात असेपर्यंत किल्लीची तुल्यता व हॅश संख्या बदलता कामा नये. एखादी यादी किल्ली म्हणून घातली व नंतर तिच्यात एक घटक वाढविला, तर तिची नोंद जुन्या खणात राहते आणि शोध नव्या खणाकडे जातो. पायथनमध्ये याद्यांना किल्ली होण्यास बंदी आहे, ती याच कारणास्तव.

देवनागरी मजकूर : मराठी वाचकाच्या दृष्टीने या विषयाचा सर्वांत निकडीचा भाग येथे येतो. कागदावर अगदी एकसारखा दिसणारा मराठी शब्द संगणकात एकाहून अधिक रीतींनी साठविलेला असू शकतो. अर्ध्या ‘ऱ’ चे उदाहरण घेऊ. ‘कुऱ्हाड’, ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ या शब्दांतील हे अक्षर युनिकोडमध्ये ‘ऱ’ या स्वतंत्र संकेतांकापुढे हलन्त देऊन लिहिता येते. ‘र’ व नुक्ता यांपुढे हलन्त देऊनही लिहिता येते. आणि जुन्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून ‘र’, हलन्त व त्यापुढे शून्य रुंदीचे अदृश्य जोडचिन्ह अशा तिसऱ्या रीतीनेही लिहिता येते. पहिल्या दोन रीती युनिकोडच्या प्रमाणीकरणाने एकरूप होतात. तिसरी होत नाही, कारण प्रमाणानुसार ती पहिल्या दोहोंशी तुल्य मानलेली नाही. ‘ॲ’ या अक्षराची गत अशीच आहे. त्याचा स्वतंत्र संकेतांक २००८ मध्ये आला. त्यापूर्वी ‘अ’ पुढे चंद्राचे चिन्ह देऊन, कधी मध्ये अदृश्य जोडचिन्ह घालून ते लिहीत. जुन्या मजकुरात तीच रूपे राहिली असून प्रमाणीकरणाने तीही एक होत नाहीत.

म्हणजे मतदारयादी, जमिनीचे उतारे किंवा ग्रंथालयाची तालिका हॅश कोष्टकात ठेवली व भाषेने दिलेलीच तुलना वापरली, तर यादीत असलेले गोऱ्हे हे आडनाव यादीत नाही असे उत्तर मिळू शकते. नाव विचारणाऱ्यास पडद्यावर दोन्ही रूपांत तसूभरही फरक दिसत नाही. यंत्राच्या लेखी ते दोन भिन्न शब्द असतात. एकाच व्यक्तीच्या दोन नोंदी होणे हा त्याचाच दुसरा परिणाम होय.

यावर सुचणारा सोपा उपाय म्हणजे तुलनेपूर्वी सर्व अदृश्य चिन्हे गाळून टाकणे. इतर काही भाषांत तो बऱ्याच अंशी चालतो. मराठीत तो घातक आहे. ‘आचारी’ या शब्दाचे ‘आचाऱ्यांना’ हे रूप तिसऱ्या रीतीने लिहिलेले असेल, तर जोडचिन्ह गाळताच ते ‘आचार्यांना’ असे होते व स्वयंपाकी आणि गुरुजन एकाच नोंदीत जाऊन बसतात. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ या जोडीचेही तेच. म्हणून क्रम सांभाळावा लागतो : प्रथम युनिकोडचे प्रमाणीकरण, मग ‘र’, हलन्त व जोडचिन्ह या त्रयीच्या जागी ‘ऱ’ व हलन्त, तसेच ‘ॲ’ च्या जुन्या रूपांच्या जागी नवे अक्षर आणि त्यानंतरच उरलेली अदृश्य चिन्हे गाळणे. ‘अंबा’ व ‘अम्बा’ किंवा देवनागरी व रोमन अंक एकच मानावेत काय, हे त्यापुढचे प्रश्न असून त्यांची उत्तरे हेतूप्रमाणे निरनिराळी असतील.

या प्रक्रियेतून मिळणाऱ्या रूपास प्रमाणरूप म्हणता येईल. दोन किल्ल्यांची प्रमाणरूपे अक्षरशः सारखी असतील तर त्या तुल्य, असे ठरवून हॅश संख्याही मूळ किल्लीवरून न काढता प्रमाणरूपावरूनच काढली, की वर सांगितलेली चारही बंधने आपोआप पाळली जातात. त्यांची वेगळी तपासणी करावी लागत नाही. तुलना व हॅश फलन स्वतंत्रपणे लिहून त्यांत मेळ राखण्यापेक्षा हा मार्ग अधिक भरवशाचा आहे. प्रमाणरूप काढण्यास लागणारा वेळ वाचविण्यासाठी ते नोंद घालतानाच काढून मूळ किल्लीशेजारी ठेवतात. मूळ रूप टाकून देऊ नये, कारण छापताना व्यक्तीचे नाव तिने लिहिले तसेच हवे असते.

लहान-मोठी अक्षरे एक करतानाही भाषेचे भान लागते. तुर्की भाषेत ठिपका असलेला व ठिपका नसलेला ‘आय’ ही दोन वेगळी अक्षरे असून दोहोंना आपापली मोठी लिपी आहे. इंग्रजीच्या नियमाने काढलेले प्रमाणरूप तेथे चुकीचे ठरते आणि यंत्राच्या भाषाविषयक मांडणीनुसार नियम आपोआप बदलत असल्यास, एका देशात नीट चालणारी आज्ञावली दुसऱ्या देशात नोंदी हरवू लागते.

मर्यादा : ‘साधारण सारख्या’ किल्ल्या एकच मानण्याचा मोह स्वाभाविक आहे, विशेषतः नावांच्या लेखनातील चुका सोसावयाच्या असतात तेव्हा. पण एका अक्षराच्या फरकाने वेगळे असलेले शब्द तुल्य मानावेत असा नियम केला, तर ‘वारा’ व ‘वाडा’ तुल्य, ‘वाडा’ व ‘गाडा’ तुल्य, आणि ‘वारा’ व ‘गाडा’ मात्र दोन अक्षरांच्या फरकामुळे भिन्न ठरतात. तिसरे बंधन मोडते. अशा नियमाशी जुळणारे हॅश फलन शोधू गेल्यास एकेका अक्षराच्या पायरीने जोडता येणाऱ्या सर्व शब्दांना एकच संख्या द्यावी लागते व कोष्टकाची अखेर एक लांबलचक साखळी होते. ठरावीक फरकाच्या आत असलेल्या दशांश संख्या समान मानण्याचीही हीच अडचण आहे.

जेथे उच्चारसाम्यावरून शोध हवा असतो तेथे किल्लीचे आधी ध्वनिसंकेतात रूपांतर करतात आणि तो संकेत हेच प्रमाणरूप धरतात. इंग्रजी आडनावांसाठी अशी एक रीत रॉबर्ट रसेल यांनी अमेरिकेत १९१८ मध्ये एकस्व घेऊन मांडली. तीच पुढे साउंडेक्स या नावाने तेथील जनगणनेच्या सूचीसाठी वापरण्यात आली. तीत आडनावाचे पहिले अक्षर कायम ठेवून पुढील व्यंजनांना गटवार अंक देतात व स्वर सोडून देतात. ही गटवारी असल्यामुळे तिसरे बंधन पाळले जाते. मात्र पहिल्याच अक्षरात चूक असल्यास आडनाव दुसऱ्या गटात जाते व सापडत नाही. एका-दोन अक्षरांच्या फरकाचे सर्व शब्द खरोखरच हवे असतील, तर शब्दांमधील अंतरावर आधारलेली वृक्षरूप मांडणी घ्यावी लागते. बर्कहार्ड व केलर यांनी ती १९७३ मध्ये सुचविली असून तीत एका शोधास अनेक तुलना लागतात.